क्षुल्लक गुन्हा आणि त्याचा लांबलेला पाठलाग

तालुक्याच्या गावाला वाहतुकीचा प्रश्न असू शकतो, हे मान्य करायलाच आपल्याकडे बरीच वर्षे गेली. वाहतूक हा मुंबई-पुण्याचा विषय; लहान गावात फार तर बाजाराच्या दिवशी गर्दी व्हायची आणि दिवेलागणीपर्यंत ती आपोआप ओसरायची, अशी समजूत होती. ती समजूत बाळगण्याची सोय आता उरलेली नाही. एस. टी. स्थानकापासून तहसील कचेरीपर्यंतचा जो एकच मोठा रस्ता बहुतेक गावांत असतो, तो बहुधा राज्य महामार्गाचाच तुकडा असतो. त्याच रस्त्यावर बँक, त्याच रस्त्यावर दवाखाने, पतसंस्था, शिकवणीचे वर्ग आणि कापडाची दुकाने. हप्त्यांवर मिळणाऱ्या दुचाकीने गेल्या पंचवीस-तीस वर्षांत सायकलीची जागा घेतली आणि तिच्या पाठोपाठ मोटारी आल्या. रस्ता मात्र तेवढाच राहिला. किंबहुना दुकानांच्या पायऱ्या आणि फलक पुढे सरकल्यामुळे तो काहीसा अरुंदच झाला. अशा रस्त्याच्या कडेला आडवी लावलेली एक गाडी उसाच्या ट्रॅक्टरला अर्धा तास अडवून धरू शकते, आणि त्या ट्रॅक्टरच्या मागे रुग्णवाहिका असू शकते. तेव्हा चुकीच्या जागी गाडी लावणे हा गुन्हा क्षुल्लक असला तरी निरुपद्रवी नव्हे, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. पोलिसांनी त्याकडे काणाडोळा करावा असे सुचविण्याचा या लेखाचा हेतू नाही.

हेतू निराळा आहे. अशा लहान गुन्ह्याच्या मागे शासनाने किती काळ जावे, कोणत्या रीतीने जावे, आणि त्या पाठलागातून येणारा पैसा कोणाच्या हाती पडावा, हे प्रश्न आपल्या नगरांतून सध्या न विचारताच सोडविले जात आहेत. प्रश्न न विचारता मिळालेली उत्तरे बहुधा यंत्राच्या सोयीची असतात, माणसाच्या नव्हे.

पूर्वीची पद्धत ओबडधोबड होती. चौकातला हवालदार शिट्टी वाजवी, फारच झाले तर चाकातली हवा सोडी, नाहीतर पावती फाडी. पावती न फाडता प्रकरण मिटविण्याचा मार्गही सर्वांस ठाऊक होता आणि त्याचे समर्थन करण्याचे काही कारण नाही. परंतु त्या पद्धतीत एक गुण होता. गुन्हा, गुन्हेगार आणि पोलिस हे तिघेही एकाच वेळी एकाच जागी हजर असत. चाकातली हवा गेलेला मनुष्य गाडी ढकलीत पंक्चरच्या दुकानापर्यंत जाई आणि पुढच्या खेपेस त्या जागी गाडी लावण्यापूर्वी चार वेळा विचार करी. ई-चलनाने लाचेची एक मोठी वाट बुजविली, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्याच फटक्यात ती समोरासमोरची भेटही संपली. आता पोलिस येतो, छायाचित्र घेतो आणि निघून जातो. गाडीचा मालक बँकेतून बाहेर येतो तेव्हा सारे जागच्या जागी असते. परिवहन कार्यालयात वाहनाच्या नोंदणीच्या वेळी जो भ्रमणध्वनी क्रमांक दिलेला असतो, त्यावर संदेश जातो. तो क्रमांक चालू असला तर ठीक. नसला तर गुन्हा घडला, नोंदला गेला, दंड आकारला गेला, आणि ज्याने तो केला त्या एकट्यालाच त्याची वार्ता नाही, असा चमत्कारिक प्रकार घडतो.

आमच्या परिचयातील एका निवृत्त शिक्षकांना आपली जुनी स्कूटर विकावयाची होती. घेणाऱ्याने संगणकावर तपासले तेव्हा स्कूटरच्या नावावर तीन चलने निघाली. तिन्ही एकाच जागेची. जागा कोणती, तर निवृत्तिवेतन काढण्यासाठी ते दरमहा जिथे जातात त्या बँकेसमोरची. तिथे फलक नव्हता. होता असे कोणी म्हटलेच तर तो जाहिरातींच्या मागे असणार. पहिल्या चलनाचे पाचशे आणि पुढच्या दोहोंचे दीड-दीड हजार, अशी साडेतीन हजारांची रक्कम त्यांनी निमूटपणे भरली. रकमेपेक्षा त्यांना टोचली ती गोष्ट वेगळीच होती. पहिल्याच वेळी कोणी सांगितले असते, तर दुसरी वेळ आली नसती, असे ते म्हणाले. चाळीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला शिक्षेचे हे तत्त्व पुस्तकातून शिकावे लागत नाही. वहीतली चूक वार्षिक परीक्षेनंतर दाखविण्यात काय अर्थ आहे?

या साडेतीन हजारांचा हिशेब जरा बारकाईने पाहण्यासारखा आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १७७ अन्वये किरकोळ गुन्ह्यांसाठी पूर्वी पहिल्या वेळी शंभर आणि पुढील प्रत्येक वेळी तीनशे रुपयांपर्यंत दंड होता. २०१९ च्या दुरुस्तीने तो पाचशे आणि दीड हजार झाला. महाराष्ट्राने ही वाढ तेव्हा थोपवून धरली आणि डिसेंबर २०२१ मध्ये अमलात आणली. दुसऱ्या गुन्ह्याला तिप्पट दंड ठेवण्यामागील न्याय उघड आहे. एकदा शिक्षा होऊनही जो सुधारत नाही, त्याचा उद्दामपणा अधिक दंडनीय मानला जातो. पण ज्याला पहिल्या शिक्षेची खबरच नाही त्याच्या ठायी उद्दामपणा कोठून येणार? इथे वाढीव दंड त्याच्या हट्टाबद्दल नसून कळविणाऱ्याच्या विलंबाबद्दल आहे, आणि तो भरावयाचा मात्र त्याने.

बेकर यांची मोटार

अर्थशास्त्राच्या अध्यापकाने या विषयावर लिहावे याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. गुन्हा आणि शिक्षा यांचा अर्थशास्त्रीय विचार मुळी चुकीच्या जागी लावलेल्या एका मोटारीतूनच जन्माला आला आहे. शिकागोचे गॅरी बेकर यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानात त्यांनी एक आठवण सांगितली. कोलंबिया विद्यापीठात असताना एका विद्यार्थ्याच्या तोंडी परीक्षेसाठी ते मोटारीने निघाले होते आणि त्यांना उशीर झाला होता. मोटार पैसे भरून वाहनतळावर लावावी की नियम मोडून रस्त्यावरच उभी करावी, हा निर्णय त्यांना चटकन करावयाचा होता. पकडले जाण्याची शक्यता किती, दंड किती, वाहनतळाचे शुल्क किती आणि वेळ किती वाचेल, असा हिशेब मनातल्या मनात करून त्यांनी मोटार रस्त्यावर लावली. चालता चालता त्यांच्या मनात आले की, शहराच्या अधिकाऱ्यांनीही असाच हिशेब केला असला पाहिजे. परीक्षेत त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो हाच. परीक्षकाच्या उशिराचे प्रायश्चित्त परीक्षार्थ्याने घ्यावे, ही रीत तिकडेही आहे असे दिसते. त्यांना त्या दिवशी दंड झाला नाही. आणि पुढे १९६८ मध्ये गुन्हा व शिक्षा यांवरचा त्यांचा प्रसिद्ध निबंध प्रकाशित झाला.

त्या निबंधाचा गाभा आपल्या बाजारपेठेतील कोणाही दुकानदाराला पटेल असा आहे. शंभर वेळा चुकीच्या जागी गाडी लावली असता एकदाच सापडण्याची शक्यता असेल, तर पाचशे रुपयांचा दंड म्हणजे दर खेपेस सरासरी पाच रुपयांचा खर्च. पाच रुपयांत बँकेच्या अगदी दारात गाडी मिळत असेल तर कोण सोडील? यावर शासनाला दोन उपाय असतात. पकडण्याची शक्यता वाढवावी किंवा दंड वाढवावा. पहिल्याला माणसे लागतात, पगार लागतात, देखरेख लागते. दुसऱ्याला एक अधिसूचना पुरते. जगभरची सरकारे दुसऱ्या उपायाकडे का झुकतात हे यावरून ध्यानात यावे. आपण तेच केले आहे.

परंतु या हिशेबात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे, ती म्हणजे गुन्हा करणाऱ्याला आपण पकडले गेलो हे कळते. ते कळलेच नाही, किंवा चार वर्षांनी कळले, तर त्याच्या मनातल्या आकडेमोडीत दंडाची किंमत शून्यच राहते. दंड पाचशेचा पाच हजार केला तरी शून्याला काही फरक पडत नाही. इटलीच्या बेकारियाने १७६४ सालीच बजावून ठेवले होते की, शिक्षेचा परिणाम तिच्या कठोरपणापेक्षा तिच्या खात्रीवर आणि ती किती लवकर होते यावर अवलंबून असतो. दोन्ही बाबतींत आपली सध्याची व्यवस्था नापास होते. तिची एकच बाजू भक्कम आहे, ती स्मरणशक्तीची.

आणि कायद्याला या स्मरणशक्तीचे मुळीच कौतुक नाही, ही गोष्ट फारच थोड्या नागरिकांना ठाऊक असते. ज्या गुन्ह्याला केवळ दंडाचीच शिक्षा आहे, त्याची दखल न्यायालयाने सहा महिने उलटल्यावर सहसा घेऊ नये, असे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४६८ सांगत होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेणाऱ्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५१४ हेच सांगते. विलंबाला सबळ कारण असेल तर न्यायालय तो माफ करू शकते, हे खरे. पण नियम सहा महिन्यांचा आहे आणि त्यामागे शहाणपण आहे. अमुक तारखेला दुपारी बारा वाजता आपली दुचाकी कोणी नेली होती, मुलाने की भाच्याने, त्या दिवशी तिथे फलक होता की नव्हता, हे चार वर्षांनंतर कोणाला सांगता येणार? बचावाचा पुरावा नाहीसा झाल्यावर आरोप उकरून काढणे हे न्यायाला धरून नाही. कॅमेऱ्यांच्या साह्याने होणाऱ्या कारवाईबाबत केंद्रीय नियमांत २०२१ साली जी दुरुस्ती झाली, तीतही गुन्ह्याची सूचना पंधरा दिवसांच्या आत धाडावी, असेच म्हटले होते. म्हणजे कायदा पंधरा दिवसांची आणि सहा महिन्यांची भाषा बोलतो, आणि संगणकातली नोंद मात्र अमरपट्टा घेऊन बसलेली असते. लोकअदालतीच्या नोटिशीतून, नाक्यावरच्या तपासणीतून, नाहीतर गाडीच्या विक्रीच्या वेळी ती पुढे येते. न्यायालयात जी वसुली टिकेल की नाही याची शंका आहे, ती अशा अडवणुकीच्या जागी बिनबोभाट होते; कारण साडेतीन हजारांसाठी वकील करणारा मनुष्य विरळा.

फर्ग्युसनचा धडा

येथवर आपण सैल आणि उशिरा होणाऱ्या पाठलागाचे दोष पाहिले. यावर, मग पोलिसांनी हयगय न करता हात धुऊन मागे लागावे, असे कोणी म्हणेल. तसे लागले तर काय होते, याचे तपशीलवार लेखी उदाहरण उपलब्ध आहे, आणि ते एका लहान नगराचेच आहे. अमेरिकेच्या मिसुरी राज्यात फर्ग्युसन नावाचे, त्या वेळी सुमारे एकवीस हजार वस्ती असलेले गाव आहे. आपल्याकडच्या एखाद्या लहानशा नगर परिषदेएवढे. ऑगस्ट २०१४ मध्ये तिथे एका निःशस्त्र कृष्णवर्णीय तरुणाचा पोलिसाच्या गोळीने मृत्यू झाला, मोठी दंगल उसळली आणि तेथील केंद्र सरकारच्या न्याय खात्याने गावाच्या पोलिस व न्यायालयाची चौकशी केली. मार्च २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेला तो अहवाल गोळीबाराविषयी कमी आणि पावत्यांविषयी अधिक बोलतो.

त्यात एका बाईची हकीकत आहे. २००७ मध्ये तिने एकदा, फक्त एकदा, मोटार चुकीच्या जागी लावली. दोन पावत्या मिळाल्या आणि १५१ डॉलर अधिक शुल्क असा दंड झाला. बाई गरीब होती; मधल्या काही काळात तिला राहायला घरही नव्हते. तारखेस हजर न राहिल्याचे किंवा हप्ता चुकल्याचे सात नवे गुन्हे २०१० पर्यंत तिच्यावर लागले. दर वेळी अटकेचे वॉरंट आणि दर वेळी नवा दंड. तिने दोनदा, २५ आणि ५० डॉलर, असे थोडे थोडे भरण्याचा प्रयत्न केला. पूर्ण रक्कम नाही म्हणून न्यायालयाने ते पैसे परत धाडले. सात वर्षांत तिला दोनदा अटक झाली, सहा दिवस कोठडीत काढावे लागले, ५५० डॉलर भरून झाले, आणि डिसेंबर २०१४ मध्ये तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर बाकी होते. आपल्याकडील सावकाराच्या चोपडीतील नोंदी ज्यांनी वाचल्या आहेत, त्यांना हे गणित अपरिचित वाटणार नाही.

ही एखादीच दुर्दैवी घटना असती तर तिचा एवढा विस्तार केला नसता. २०१३ या एका वर्षात त्या एकवीस हजारांच्या गावात न्यायालयाने नऊ हजारांवर वॉरंटे काढली, आणि त्यांतील मोठा भाग गाडी लावण्याचे, रहदारीचे वा घराच्या देखभालीचे नियम मोडणे असल्या किरकोळ प्रकरणांतला होता. गावात कृष्णवर्णीयांची संख्या ६७ टक्के. २०१२ ते २०१४ या काळातल्या पावत्या मात्र ९० टक्के त्यांच्या नावे. पोलिस इतके तत्पर का झाले? उत्तर अंदाजपत्रकात होते. नगराच्या सर्वसाधारण निधीत दंड आणि शुल्क यांचा वाटा २०१० च्या आर्थिक वर्षात १३.८ लाख डॉलर होता. २०१५ च्या अंदाजपत्रकात तो ३०.९ लाख धरला होता, म्हणजे एकूण उत्पन्नाच्या जवळजवळ चौथा हिस्सा. विक्रीकराचे उत्पन्न घटणार असे दिसताच नगराच्या वित्त अधिकाऱ्याने पोलिसप्रमुखांना पावत्यांचे प्रमाण वाढविण्याविषयी लिहिल्याचे अहवालात नमूद आहे. कर वाढविला तर मते जातात. दंड वाढविला तर मते असणारे लोक फारसे तक्रार करीत नाहीत, कारण पकडले जातात ते दुसरेच. २०१५ साली मिसुरीच्या विधिमंडळाने अशा उत्पन्नाची कमाल मर्यादा ३० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली. मर्यादा घालावी लागावी, यातच सर्व आले.

फर्ग्युसनमध्ये आणि आपल्याकडे एक मोठा फरक आहे, आणि तो आपल्या बाजूचा आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याखालचा दंड राज्याच्या तिजोरीत जातो. तो नगर परिषदेला मिळत नाही आणि ठाण्यालाही मिळत नाही. त्यामुळे एखाद्या मुख्याधिकाऱ्याने रस्त्यांचा खर्च भागविण्यासाठी हवालदाराला पावत्या फाडायला पाठवावे, असे आपल्याकडे घडू शकत नाही. १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात गेली, तेव्हापासून या संस्था अनुदानावर डोळे लावून बसलेल्या आहेत, आणि अधूनमधून दंडातला वाटा त्यांना द्यावा अशी कल्पना कोणी ना कोणी मांडतो. ती ऐकायला गोड आहे. तिचा प्रस्तुत लेखकाला ठाम विरोध आहे. जो दंडावर जगतो त्याला गुन्हे थांबलेले परवडत नाहीत. पोलिसांनाही महिन्याला इतकी चलने झालीच पाहिजेत असा आकडा वरून नेमून दिला, तर परिणाम तोच. मग चलने होतात ती जिथे कोंडी आहे तिथे नव्हे, तर जिथे सोपे आहे तिथे. दवाखान्यासमोर, बँकेसमोर, परीक्षेच्या दिवशी महाविद्यालयासमोर.

मात्र या फरकाचा दुसरा परिणामही आहे. नगर परिषदेला दंडातून काही मिळत नाही, तसे गाडी लावण्याची व्यवस्था करण्यातूनही काही मिळत नाही, अशी तिची समजूत झालेली आहे. कायदा तिला या विषयातून बाहेर ठेवीत नाही. वाहने कोठे उभी करावीत हे राज्य सरकारने किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याने स्थानिक संस्थेशी विचारविनिमय करून ठरवावे, अशी तरतूद अधिनियमाच्या कलम ११७ मध्ये आहे. हा विचारविनिमय किती गावांत झाला? किती गावांत रस्त्याच्या कडेला पांढरे पट्टे आखले, सम-विषम तारखांचे फलक लावले आणि ते वाचता येतील असे ठेवले? जिथे गाडी लावण्याची एकही अधिकृत जागा नाही, तिथे प्रत्येक जागा अनधिकृत ठरते, आणि मग कोणाला धरावे हे धरणाऱ्याच्या मर्जीवर राहते.

येथे शुल्क आणि दंड यांतला भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. शुल्क ही किंमत आहे; ती देणारा काही गैर करीत नाही. दंड हा निषेध आहे. दोहोंची गल्लत झाली की काय होते, हे इस्राएलमधील हैफा येथील एका प्रयोगात दिसून आले. मुलांना पाळणाघरातून न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना काही पाळणाघरांनी लहानसा दंड ठेवला. उशिरा येणाऱ्यांची संख्या घटण्याऐवजी जवळजवळ दुप्पट झाली. पूर्वी शिक्षिका ताटकळतात याची लाज वाटत होती; आता पैसे मोजले की लाजेचे कारण उरले नाही. पुढे दंड काढून टाकला तरी ती लाज परत आली नाही. नीझी आणि रुस्टिचिनी यांचा हा निबंध २००० सालचा आहे. आपल्याकडे याची प्रचीती घेण्यासाठी हैफाला जाण्याची गरज नाही. भल्या मोठ्या मोटारीतून उतरणारा कंत्राटदार पाचशे रुपये हे दरपत्रकातले कलम समजतो आणि गाडी चौकातच ठेवतो. मजुराच्या दुचाकीवर तेच पाचशे रुपये पडले की त्याची एका दिवसाची कमाई जाते. एकाच रकमेने एकाला जागा विकली जाते आणि दुसऱ्याला शिक्षा होते.

म्हणून नगर परिषदेने शुल्क घ्यावे आणि पोलिसांनी दंड करावा, पण एकाने दुसऱ्याचे काम करू नये. बाजारपेठेत तासाला पाच-दहा रुपये शुल्क ठेवून जागा आखून दिली आणि तो पैसा त्याच रस्त्यावरच्या दिव्यांना, गटारांना आणि स्वच्छतागृहाला लावला, तर व्यापारीही विरोध करणार नाहीत. कॅलिफोर्नियातील पॅसाडिना या शहराच्या जुन्या पेठेत १९९३ मध्ये शुल्काची यंत्रे बसली ती याच बोलीवर. मिळकत त्याच पेठेवर खर्च होईल असे नगराने कबूल केले, तेव्हा दुकानदारांचा विरोध मावळला. दुकानदार स्वतःची गाडी दिवसभर स्वतःच्याच दुकानापुढे लावून ठेवतो आणि गिऱ्हाइकाला जागा नाही अशी तक्रार करतो, हा आपल्या पेठांतला नित्याचा विनोदही त्यामुळे काहीसा कमी होईल.

पाठलागाचा विषय निघालाच आहे, तर आणखी एका गुन्ह्याचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही, ज्याच्या मागे कोणीच लागत नाही. मुंबई आणि काही मोजकी क्षेत्रे वगळता राज्यभर २०२० पासून एकच विकास नियंत्रण नियमावली लागू आहे, आणि व्यापारी संकुलाने किती वाहनांची जागा सोडावी हे तीत लिहिलेले आहे. त्याआधीच्या नियमांतही ते होतेच. आराखड्यात तळघर वाहनतळ म्हणून दाखविले जाते, भोगवटा प्रमाणपत्र मिळते, आणि लवकरच तिथे कापडाचे गोदाम किंवा झेरॉक्सचे दुकान थाटले जाते. चाळीस दुचाकींची जागा गिळणारा हा गुन्हा रोज चोवीस तास घडत असतो. त्याला छायाचित्राचीही गरज नाही. आराखड्याची प्रत कचेरीत पडलेलीच आहे. त्या संकुलात कामाला आलेला मनुष्य नाइलाजाने रस्त्यावर गाडी लावतो आणि चलन त्याच्या नावे निघते. गेल्या काही वर्षांत अनेक नगर परिषदांचा कारभार दीर्घकाळ प्रशासकांच्या हाती होता आणि हे विचारायला सभागृहच नव्हते. ज्या गावांत ते पुन्हा भरले आहे, तिथल्या नगरसेवकांनी पहिल्या काही बैठकांत हा विषय घ्यावयास हरकत नाही.

पोलिसांची अडचण आपण समजून घेतली पाहिजे. तालुक्याच्या ठाण्यात वाहतुकीसाठी म्हणून वेगळी माणसे बहुधा मोजकीच असतात. तीसुद्धा सण, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे आणि निवडणुका यांच्या बंदोबस्ताला जातात. त्यांच्या हाती यंत्र आले याचा आनंदच आहे. पण त्या यंत्राला दोन-तीन शिस्ती लावणे अवघड नाही. चलन केले की त्याचा कागद किंवा चिकटपट्टी तेव्हाच गाडीवर लावावी, म्हणजे मालक परत येतो त्या क्षणी त्याला कळेल. पहिल्या चलनाची सूचना पोचल्याची नोंद नसेल तर दुसऱ्याला वाढीव दर लावू नये. सहा महिन्यांत प्रकरण न्यायालयापुढे गेले नाही, तर ती नोंद काढून टाकावी. ती गाडीच्या विक्रीच्या आड येऊ नये. ज्या जागेचा फलक चलनाच्या छायाचित्रात दिसत नाही, त्या जागेचे चलन ग्राह्य धरू नये. आणि तक्रार ऐकणारा एक अधिकारी आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या गावीच बसावा; पाचशे रुपयांच्या दंडाविरुद्ध बोलण्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी जाऊन-येऊन एक रजा आणि एस. टी.चे दुहेरी भाडे खर्च करणे कोणत्याही शिक्षकाला वा कारकुनाला परवडत नाही, आणि हे वसुली करणाऱ्यांना चांगले ठाऊक असते.

यांपैकी कशालाही नवा कायदा लागत नाही. सुरुवात कोठून करावी असा प्रश्न पडेल, तर कोणत्याही पोलिस ठाण्याच्या कुंपणाकडे पाहावे. जप्त केलेली वाहने, अपघातात चेपलेल्या मोटारी, मालक न आलेल्या दुचाकी, वाळूच्या प्रकरणातले डंपर वर्षानुवर्षे तिथे गंजत उभे असतात. आवार भरले की ते बाहेर रस्त्याच्या कडेला येतात, त्यांच्या चाकांवरून वेली चढतात, आणि पलीकडच्या शाळेतली मुले सुटल्यावर त्यांना वळसा घालून भर रस्त्यातून चालतात. त्यांच्या लिलावाची परवानगी मागणारा अर्ज न्यायालयात देण्यास कोणत्याही यंत्राची आवश्यकता नाही, आणि त्या जागेवर पहिले पांढरे पट्टे आखता येतील.